२८ डिसेंबरचा दिनविशेष : फळ्यावर काय लिहायचं, काय गाळायचं

फळा_खडू (धागा सुरू करणारे)

राम राम मंडळी. खान्देशातल्या शाळा आणि गावची वाचनालयं यांच्यासाठी एकेका तारखेचा दिनविशेष तपासून पक्का करायचा आहे. सुरुवात २८ डिसेंबरने करू, कारण आपल्या भागासाठी हा दिवस भरगच्च आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या याद्यांमधून गोळा केलेला कच्चा मजकूर असा :

- १६१२ : गॅलिलिओने नेपच्यूनचा शोध लावला
- १८८५ : राष्ट्रीय सभेची स्थापना
- १८९५ : सिनेमाचा शोध
- १९२६ : हुतात्मा शिरीषकुमार यांचा नंदुरबार जिल्ह्यात जन्म
- १९३६ : फैजपूर काँग्रेस, पूर्ण स्वराज्याचा ठराव
- धीरूभाई अंबानी, रतन टाटा यांचे वाढदिवस
- दत्तजयंती, सारंगखेड्याची यात्रा

फळा ६ फूट × ४ फूट, भिंतीवरचा काळा. परिपाठात दीड मिनिटात वाचून झालं पाहिजे. चुका काढा, भीडभाड नको.

---

तापीकाठ

भाऊ, फैजपूरची ओळ आधी दुरुस्त करा, नाहीतर गावचीच माणसं फळ्यासमोर उभी राहून हसतील. पूर्ण स्वराज्याचा ठराव डिसेंबर १९२९ चा, लाहोरचा. फैजपूरला गाजला तो शेतीविषयक कार्यक्रम : सारा आणि खंडात सूट, कर्जाचा बोजा कमी करणं, कुळांना संरक्षण.

नक्की काय ते असं. अधिवेशन २७ आणि २८ डिसेंबर १९३६ ला भरलं. म्हणजे २८ तारखेला ‘सुरू झालं’ लिहिणं चूक, तो दुसरा दिवस. अध्यक्ष पंडित नेहरू, स्वागताध्यक्ष शंकरराव देव. गावपातळीवरची उभारणी धनाजी नाना चौधरी यांच्या खांद्यावर होती. साने गुरुजीही त्यासाठी खेडोपाडी फिरले. गांधीजी हजर होते, पण अध्यक्ष नव्हते. ते अध्यक्ष फक्त एकदाच झाले, १९२४ ला बेळगावात. ‘गांधीजींच्या अध्यक्षतेखाली फैजपूर’ हे वाक्य दरवर्षी कुठल्या ना कुठल्या फलकावर सापडतं.

फैजपूरचं मोठेपण ठरावात नाही, जागेत आहे. तोवर अधिवेशनं शहरांत भरत. खेड्यात भरलेलं हे पहिलं. बांबू, चटया असं गावात मिळणारं सामान वापरून चित्रकार नंदलाल बोस यांनी नगराची सजावट केली. इथेही एक खड्डा आहे : त्यांची प्रसिद्ध ‘हरिपुरा चित्रं’ १९३८ ची, गुजरातेतल्या हरिपुरा अधिवेशनाची. ती फैजपूरच्या नावावर खपवू नका.

---

केळीबाग

तापीकाठ दादा, फैजपूरला ५० वं अधिवेशन म्हणतात ते कसं? १८८५ पासून दरवर्षी एक धरलं तर १९३६ ला ५२ वं यायला हवं.

---

तापीकाठ

प्रश्न रास्त आहे. दरवर्षी एक, असा नेम शेवटी शेवटी राहिला नव्हता. लाहोरनंतर थेट मार्च १९३१ ला कराची, म्हणजे १९३० कोरडं गेलं. ऑक्टोबर १९३४ ला मुंबई, त्यानंतर एप्रिल १९३६ ला लखनौ, म्हणजे १९३५ पण कोरडं. उलट १९३६ या एकाच वर्षात लखनौ आणि फैजपूर अशी दोन झाली, दोन्हींचे अध्यक्ष नेहरूच. शिवाय १९०७ चं सुरतचं अधिवेशन उधळलं गेलं, ते मोजणीत धरत नाहीत. क्रमांक ५० वा बरोबर आहे. ‘५० वर्षं पूर्ण’ असं मात्र लिहू नका. स्थापनेला त्या दिवशी ५१ वर्षं झाली होती.

१८८५ च्या ओळीबद्दलही तेच. २८ डिसेंबरला मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत पहिलं अधिवेशन सुरू झालं, ७२ प्रतिनिधी, अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी. ते पुण्याला ठरलं होतं, कॉलऱ्यामुळे मुंबईला हललं. ‘पहिलं अधिवेशन सुरू’ असं लिहा. एवढ्याने ‘पुण्यात स्थापना’ ही पाठ्यपुस्तकाबाहेरची चूक आपोआप टळते.

---

खापरपोळी

शिरीषकुमारांच्या ओळीत दोन दुरुस्त्या.

एक, जिल्हा. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. १९२६ ला नंदुरबार हे गाव पश्चिम खान्देश जिल्ह्यात होतं, मुख्यालय धुळे. पूर्व आणि पश्चिम खान्देश ही वाटणी १९०६ ची. फैजपूर तसंच पूर्व खान्देशात, आजच्या जळगाव जिल्ह्यात. फळ्यावर जागा नसेल तर जिल्हा लिहूच नका, नुसतं ‘नंदुरबार’ पुरे. पोरांना ते माहीत आहे.

दोन, वय. कुठे ‘वय १६’, कुठे ‘वय १४’, कुठे ‘सोळाव्या वर्षी’. वजाबाकी करा : जन्म २८ डिसेंबर १९२६, बलिदान ९ सप्टेंबर १९४२. २८ ऑगस्ट १९४२ ला १५ वर्षं ८ महिने पूर्ण, त्यापुढे १२ दिवस. म्हणजे वय १५, वर्ष सोळावं. ‘सोळाव्या वर्षी’ बरोबर, ‘वय १६’ चूक. ऐकायला सारखं वाटतं, पण परिपाठातला एखादा पोरगा बोटं मोजतोच.

त्या दिवशी नंदुरबारच्या मिरवणुकीवरच्या गोळीबारात पाच जण गेले : शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा. २८ डिसेंबरच्या फळ्यावर ही पाच नावं बसणार नाहीत. ती ९ सप्टेंबरला लिहायची, आणि पाचही लिहायची. एकाचं नाव मोठं आणि ‘इतर चौघे’ हा प्रकार बंद करा.

---

वारतिथी

तारीख बरोबर की छपाईची चूक, हे चाचपायला वार सर्वांत स्वस्त साधन. जुन्या मजकुरात बरेचदा वार दिलेला असतो. जुळला तर भरवसा वाढतो, नाही जुळला तर तारीख संशयित.

१९०१ ते २०९९ दरम्यान दर २८ वर्षांनी कॅलेंडर जसंच्या तसं परत येतं. म्हणून जुन्या सालात २८ किंवा ८४ मिळवा आणि मोबाइलमधलं ते साल उघडा.

१९३६ + ८४ = २०२०. २८ डिसेंबर २०२० सोमवार, म्हणजे फैजपूरचा दुसरा दिवसही सोमवार, पहिला रविवार. १९२६ + ८४ = २०१०, मंगळवार. १९४२ + ८४ = २०२६, ९ सप्टेंबर बुधवार.

या रीतीचा खान्देशातला सुंदर दाखला धुळे तुरुंगातला आहे. विनोबांनी १९३२ ला तिथे गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. पहिलं २१ फेब्रुवारीला, शेवटचं १९ जूनला, दर रविवारी एक. तपासा : दोन्ही तारखा रविवारच्या. मधलं अंतर ११९ दिवस, म्हणजे १७ आठवडे, म्हणजे दोन्ही टोकं धरून १८ रविवार. अध्याय १८. बठ्ठं जुळस.

---

केळीबाग

१८८५ वर ही रीत चालवली. २८ मिळवून १९१३, त्या वर्षी रविवार येतो. पण पहिलं अधिवेशन सोमवारी सुरू झालं असं सगळीकडे आहे. कुठे फसलं?

---

वारतिथी

१९०० वर फसलं. १९०० ला ४ ने भाग जातो, पण ते लीप वर्ष नव्हतं. त्यामुळे १९०० ओलांडताना २८ ची उडी एक दिवस कमी पडते. ओलांडायची पहिली उडी ४० ची घ्या, मग नेहमीसारखं ८४. १८८५ + ४० = १९२५, + ८४ = २००९. २८ डिसेंबर २००९ सोमवार. ४० का? एरवी ४० वर्षांत १० लीप दिवस असतात, १९०० गळाल्यावर ९. ४० + ९ = ४९, सातने निःशेष भाग जातो.

१७५२ च्या आधीच्या इंग्रजी तारखांना ही रीत लावूच नका. इंग्रज तोवर ज्युलियन कॅलेंडर वापरत. २ सप्टेंबर १७५२ नंतरचा दिवस त्यांनी १४ सप्टेंबर धरला. शिवजयंतीची १९ फेब्रुवारी १६३० ही ज्युलियन तारीख आहे, आजच्या कॅलेंडरने तो दिवस १ मार्च येतो. उलट बऱ्हाणपूरला मुमताज महल वारली ती १७ जून १६३१ ही तारीख आजच्या कॅलेंडरची आहे, ज्युलियन ७ जून. दोन्ही तारखा रूढ आहेत, तशाच ठेवा. फक्त एकाच फळ्यावर दोन कॅलेंडरांची वजाबाकी करू नका.

---

दुर्बीण

१६१२ ची ओळ बदला. गॅलिलिओने २८ डिसेंबर १६१२ ला गुरूचं निरीक्षण करताना नेपच्यून पाहिला आणि वहीत टिपला, पण तारा समजून. शोध लागला २३ सप्टेंबर १८४६ ला, आधी गणित मांडून. ‘शोध लावला’ हे क्रियापद इथे खोटं पडतं, ‘नोंद केली’ लिहा. इटलीत तेव्हा ग्रेगोरियन कॅलेंडर आलेलं होतं, त्यामुळे तारखेत खोट नाही.

१८९५ ची ओळही तशीच. त्या दिवशी पॅरिसच्या ग्राँ कॅफेच्या तळघरात ल्युमिएर बंधूंनी १ फ्रँक तिकीट लावून दहा छोटी चलचित्रं दाखवली. हा ‘सिनेमाचा शोध’ नाही. ‘जगातला पहिला खेळ’ म्हणायलाही अडचण आहे, कारण बर्लिनला स्क्लादानोवस्की बंधूंनी १ नोव्हेंबर १८९५ लाच पैसे घेऊन खेळ केला होता. ‘ल्युमिएर बंधूंचा पहिला तिकीट लावलेला खेळ’ हे वाक्य कुठल्याही बाजूने टिकतं. मुंबईला त्यांची चित्रं ७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात आली. ती ओळ त्या दिवसाला राखून ठेवा.

परदेशी घटनांमध्ये आणखी एक गोम : घड्याळ. माणूस चंद्रावर उतरला ती तारीख २० जुलै १९६९ लिहितात, तेव्हा भारतात मध्यरात्र उलटून २१ जुलैचे पावणेदोन झाले होते. जिथे घडलं तिथली किंवा जगात रूढ असलेली तारीख लिहायची, हा नियम एकदा ठरवा आणि मोडू नका.

---

आखाजी

दत्तजयंती खोडा. ती मार्गशीर्ष पौर्णिमेची, तारखेची नाही. २०२३ ला २६ डिसेंबर, २०२४ ला १४ डिसेंबर, २०२५ ला ४ डिसेंबर. सारंगखेड्याचा घोडेबाजार तिच्याच मागे सरकतो. कायमच्या यादीत तिथीचा सण घातला की पुढच्या वर्षी फळा खोटं बोलतो. आखाजी (अक्षय्य तृतीया), पोळा, नागपंचमीनंतरच्या रविवारचे कानबाईचे रोट, जळगावचा कार्तिकी एकादशीचा रथ, हे सगळं वेगळ्या वहीत. ती वही दर गुढीपाडव्याला नव्या पंचांगावरून भरायची.

तिथी आणि तारीख एकमेकांत मिसळली की काय होतं, याचं आपल्या घरचं उदाहरण बहिणाबाई. जन्म नागपंचमीचा, असोद्याचा, साल १८८०. तारीख मात्र सगळीकडे २४ ऑगस्ट. दर १९ वर्षांनी तिथी-तारखांची जोडी जवळपास परत बसते, फरक पडला तर एखाद्या दिवसाचा. १८८० मध्ये १९ सात वेळा मिळवा, २०१३ येतं. २०१३ ची नागपंचमी ११ ऑगस्टला होती. चंद्राचं गणित करून पाहिलं तरी १८८० ची अमावास्या ६ ऑगस्टच्या आसपास पडते, म्हणजे पंचमी १०-११ ला. २४ ऑगस्टला वद्य पक्ष चालू होता. नागपंचमी आणि २४ ऑगस्ट दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. काही ठिकाणी ११ ऑगस्ट छापलेलं दिसतं ते यामुळेच.

---

फळा_खडू

आखाजी ताई, मग २४ ऑगस्टच्या फळ्यावर काय लिहायचं?

---

आखाजी

कार्यक्रम २४ ला होतात, तर जयंती २४ लाच लिहा. त्या ओळीत ‘नागपंचमीच्या दिवशी’ हे शब्द घालू नका. नागपंचमीला ओव्या वाचायच्या तर खुशाल वाचा, तेव्हा तारीख लिहू नका. स्मृतिदिन ३ डिसेंबर १९५१, त्यात वाद नाही.

---

गिरणाथडी

तिथीचा विषय निघालाच आहे तर चाळीसगावजवळच्या पाटणादेवीचा शिलालेख ९ ऑगस्टच्या यादीत हवा. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी मठ काढला, त्याला दिलेल्या दानाचा हा लेख, आणि त्यात जुनी मराठी आहे. साल शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावण पौर्णिमा, चंद्रग्रहण. शकात ७८ मिळवले की १२०६ येतं आणि बरेच जण तिथेच थांबतात. संवत्सराचं नाव बघा, ही नावं दर ६० वर्षांनी फिरून येतात. आपल्या पाडव्याच्या हिशेबाने १९८७-८८ हे प्रभव होतं. ६० च्या उड्या मागे टाका : १९८७ − ७८० = १२०७. श्रावण पौर्णिमेचं ग्रहणही ९ ऑगस्ट १२०७ लाच बसतं. शकाच्या आकड्यात एकाचा फरक जुन्या लेखांत नेहमीचाच. नाव, तिथी आणि ग्रहण तिन्ही एकीकडे बोट दाखवत असतील तर आकड्याने मागे यायचं.

(जानेवारी ते पाडव्यापर्यंतच्या शकात ७८ नाही, ७९ मिळवायचे. ही चूक फार होते.)

---

शुद्धलेखन_वही

शब्दांकडे कुणी बघितलंच नाही.

‘जयंती’ गेलेल्या माणसाची, ‘वाढदिवस’ हयात असलेल्याचा. रतन टाटा ९ ऑक्टोबर २०२४ ला गेले. त्याआधीच्या याद्या तशाच उचलल्या की फळ्यावर अजून त्यांचा वाढदिवस होतो. २८ डिसेंबरलाच जन्मलेले, लिनक्स घडवणारे लिनस टोर्व्हाल्ड्स (१९६९) हयात, तिथे वाढदिवस. अरुण जेटली (१९५२) २०१९ ला गेले, तिथे जयंती. दर वर्षी फळा लिहिण्याआधी ‘वाढदिवस’ लिहिलेलं प्रत्येक नाव पुन्हा तपासायचं, दोन मिनिटांचं काम आहे.

‘पुण्यतिथी’ म्हणजे तिथी. तारखेने पाळत असाल तर ‘स्मृतिदिन’ बरा. २८ डिसेंबरलाच हिंदी कवी सुमित्रानंदन पंतांचा स्मृतिदिन आहे, १९७७. हुतात्म्यांसाठी ‘बलिदान दिन’.

---

केळीबाग

माझं मत विचाराल तर अंबानी, टाटा दोघंही काढा. ती नावं पोरांना जाहिरातीतून कळतात. त्यापेक्षा ३१ डिसेंबरची आगाऊ सूचना द्या, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे धुळ्यात वारले १९२६ ला. शिरीषकुमारांच्या जन्मानंतर अवघ्या तीन दिवसांनी.

---

तापीकाठ

काढू नका, एका ओळीत ठेवा. नुसता इतिहास वाचला की मागच्या रांगा चुळबुळतात. पण त्यांना फैजपूरच्या वर चढवू नका. आणि तीन दिवसांचा योगायोग तोंडी सांगायला चांगला आहे, फळ्यावर नको, दिवस २८ चा आहे.

---

खडू_डस्टर

मजकूर किती मावतो ते आधी मोजा, भांडण आपोआप मिटेल. ४ फूट म्हणजे १२२ सें.मी. वरचे १५ सें.मी. तारखेला, खाली १० सें.मी. मोकळे (तिथवर लहान मुलांचे हात आणि दप्तरं घासतात). उरले ९७, ओळीला १२ धरा : ५ सें.मी. अक्षर, बाकी वरच्या वेलांट्या, मात्रा आणि खालच्या उकारांना. आठ ओळी. ओळींमधलं अंतर १० वर आणलं की वरचा रु आणि खालची मात्रा एकमेकांत अडकतात, लांबून ‘सुरू’ वाचता येत नाही.

रुंदी १८३ सें.मी., दोन्हीकडे ५ चा समास, एका अक्षराला साडेपाच. म्हणजे ओळीला ३०-३१ अक्षरं, जागा धरून.

सालं पिवळ्या खडूने, मजकूर पांढऱ्याने. लाल आणि निळा खडू काळ्या फळ्यावर चार-पाच रांगांपलीकडे दिसत नाही. ओळी आधी दोरीने आखा : दोरीला खडूची पूड लावायची, दोघांनी ताणून धरायची, मधून उचलून सोडायची. रेघ फिकी उमटते, लिहून झाल्यावर कोरड्या फडक्याने जाते. ओल्या फडक्याने पुसलेला फळा पूर्ण वाळू द्या, नाहीतर खडू घसरतो आणि वाळल्यावर जुनी अक्षरं पांढुरकी वर येतात.

---

फळा_खडू

सगळ्यांचं धरून आठ ओळी अशा बसवल्या :

२८ डिसेंबर (शीर्षक)

१६१२ : गॅलिलिओच्या वहीत नेपच्यूनची नोंद
१८८५ : मुंबईत राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन सुरू
१८९५ : ल्युमिएर बंधूंचा पहिला तिकीट-खेळ, पॅरिस
१९२६ : हुतात्मा शिरिषकुमार यांचा जन्म,
नंदुरबार. बलिदान ९ सप्टेंबर १९४२
१९३६ : फैजपुर अधिवेशनाचा दुसरा दिवस.
खेड्यात भरलेले पहिले. अध्यक्ष पं. नेहरू
जयंती : धीरूभाई अंबानी, रतन टाटा

---

शुद्धलेखन_वही

‘शिरीष’ मध्ये री दीर्घ. ‘फैजपूर’ मध्ये पू दीर्घ. दोन्ही ठिकाणी तुम्ही ऱ्हस्व केलंय, आणि नेमक्या आपल्याच दोन ओळींत. ‘तिकीट-खेळ’ कानाला खटकतं. ‘तिकिटाचा पहिला खेळ’ करा, तेवढ्याच जागेत बसतं.

---

वारतिथी

२०२६ ला २८ डिसेंबर सोमवारीच आहे, १८८५ आणि १९३६ सारखा. तोंडी सांगायला बरं.

---

खडू_डस्टर

सोमवार म्हणजे आदल्या दिवशी सुट्टी. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर लिहून ठेवलात तर दीड दिवस फळा उघडा राहील आणि वरांड्यात क्रिकेट खेळणारी पोरं पाठी घासून जातील. शनिवारी फक्त फळा धुऊन वाळवा, दोरीने ओळी आखा आणि शीर्षक लिहा. मजकूर सोमवारी परिपाठाच्या पाऊण तास आधी, दोन जणांनी : एकाने वाचायचं, एकाने लिहायचं. एकट्याने कागदाकडे बघत लिहिलं की तिसऱ्या-चौथ्या ओळीत साल हमखास चुकतं.